दादाच्या हातातून त्याच्याच पिस्तुलाची गोळी गेली. हात कसा सुधारेल आणि परत पिस्तूल हातात घ्यावं का?

निशिगंधा:
नमस्कार मंडळी, लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागली. लायसन्स वगैरे सगळं रीतसर आहे. साफ करायला काढलं होतं, उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हाताने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) उतरवायला गेला आणि डावा तळहात नळीच्या तोंडाशी आला नेमका तेव्हाच बार उडाला. गोळी तळहातातून आरपार जाऊन भिंतीत घुसली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची तळव्यातली हाडं मोडली. भिंतीच्या पलीकडे पुतणी अभ्यास करत बसली होती, तिला काही झालं नाही, गोळी भिंतीतच अडकली, पण त्या एका गोष्टीमुळे वहिनी अजून रात्री उठून तिच्या खोलीत डोकावून येते.

ऑपरेशन झालं, आत घातलेल्या तारा पण आता काढल्यात, जखम वरून भरलीये. आता पुढचे प्रॉब्लेम. करंगळीला काहीच कळत नाही, बधिर, आणि रात्री मात्र त्याच बधिर बोटात करंट मारल्यासारखं दुखतं, हे कसं काय ते मला कळत नाही. मूठ पूर्ण वळत नाही. एक्स-रेमध्ये बारीक बारीक पांढरे ठिपके दिसतात, डॉक्टर म्हणाले ते कण आहेत, राहू देत. शिशाचे कण अंगात राहू द्यायचे?? आणि दार आपटलं तरी माणूस खुर्चीतून उडतो.

आणि एवढं होऊन साहेब म्हणतायत की हात बरा झाला की परत नेमबाजीच्या रेंजवर जाणार, या वेळी नीट शिकणार. वहिनी म्हणते एकतर ते पिस्तूल या घरात राहील नाहीतर मी. मी मधल्यामधे. दादा एकच धरून बसलाय की मॅगझिन (काडतुसांची डबी) काढलेलं होतं, पिस्तूल आपोआप सुटलं. असं खरंच होतं का? कोणाला अनुभव असेल, किंवा कोणी डॉक्टर असतील तर प्लीज लिहा.

रोखठोक:
वहिनींचं ऐका. विका नाहीतर जमा करा आणि विषय संपवा. ज्या वस्तूने स्वतःचा हात फोडला तीच परत हातात घ्यायची कसली हौस.

हाडांचा_डॉक्टर:
निशिगंधाताई, मी ऑर्थोपेडिकवाला आहे, पण भावाचे पेपर मी बघितलेले नाहीत, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा आणि शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचा.

आधी ते पांढरे ठिपके, कारण त्याचीच सगळ्यांना धास्ती असते. सिनेमात गोळी चिमट्याने काढून वाटीत टण्णकन टाकली की माणूस बरा होतो. प्रत्यक्षात स्नायूत बसलेले कण उकरत बसलं तर चांगल्या नसा आणि रक्तवाहिन्या तुटतात, आणि तिथेच ठेवले तर शरीर त्यांच्याभोवती एक जाड वेष्टन करतं आणि बहुतेक वेळा ते आयुष्यभर गप पडून राहतात. अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १८०६ मध्ये द्वंद्वयुद्धात लागलेली गोळी छातीत घेऊन १८४५ पर्यंत जगला, अध्यक्ष तर तो त्यानंतर झाला. याउलट गारफिल्ड, तोही अध्यक्षच, त्याला जुलै १८८१ मध्ये गोळी लागली आणि डॉक्टर लोक हात न धुता जखमेत बोटं घालून गोळी शोधत राहिले, टेलिफोनवाला ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आला तरी सापडली नाही, सप्टेंबरमध्ये माणूस गेला. गोळीपेक्षा त्या शोधाशोधीने झालेल्या जंतुसंसर्गाने जास्त घात केला असं आता मानतात. तर "राहू देत" म्हणणारा डॉक्टर आळशी नाहीये.

पण एक अपवाद आहे आणि तो तुम्ही सर्जनला स्पष्ट विचारा: एखादा ठिपका सांध्याच्या आत आहे का? सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं ते शिसं हळूहळू विरघळवतं, सांधाही झिजतो आणि शिसं रक्तातही उतरतं. तिथला कण काढावा लागतो. बाकी कण राहणार असतील तर रक्तातल्या शिशाची टेस्ट एकदा आत्ता करून ठेवा म्हणजे पुढे तुलना करता येते. विनाकारण थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठता, चिडचिड असं काही वर्षांनी जरी सुरू झालं तरी त्या डॉक्टरला आधी सांगायचं की अंगात शिसं आहे. आणि कुठेही एमआरआय सांगितला तर आत धातू आहे हे त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं. शिसं आणि तांबं चुंबकाला ओढलं जात नाही पण काही गोळ्यांच्या आवरणात पोलाद असतं, ते जातं.

आता नस. बधिर आणि तरी दुखतं यात विरोधाभास नाही, दुखावलेली नस खोटे निरोप पाठवते. गोळीच्या धक्क्याने नस नुसती हादरलेली असेल, आतले धागे तुटून वरचं आवरण शाबूत असेल, किंवा पूर्ण तुटली असेल. पहिल्या दोन प्रकारांत ती बहुतेक वेळा आपली आपण सुधारते, फक्त दुसऱ्या प्रकारात धागे परत वाढावे लागतात आणि वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तळहाताच्या मधून करंगळीच्या टोकापर्यंत आठ-नऊ सेंटीमीटर धरा, म्हणजे तीन महिने निव्वळ वाढण्यात जातात आणि ती वाढ सुरू व्हायच्या आधीचा काळ वेगळा. जखमेपासून बोटाकडे हलकं टिचकी मारत जा, जिथे मुंग्या येतात तिथवर नस पोचलीये असं समजतात. ती जागा महिन्या-महिन्याने पुढे सरकतेय का ते बघायचं. सरकतच नसेल तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नस निरोप कितपत पोचवते ती तपासणी) आणि हाताच्या सर्जनचं मत घ्या, फार महिने वाट बघत बसू नका, उशीर झाला की नस जोडूनही फायदा कमी होतो. रात्रीच्या करंटसाठी साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, त्याला नसांची औषधं वेगळी असतात, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन वगैरे, ती डॉक्टरांकडूनच घ्यायची आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत.

मूठ वळत नाही त्याला हाड कमी आणि जखडलेले सांधे, चिकटलेले टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) जास्त जबाबदार असतात. फिजिओ टाळला तर हाड छान जुळतं आणि हात कामाचा राहत नाही, हे मी फार बघतो. सूज असेपर्यंत हात छातीच्या वर ठेवायचा, गळ्यात लोंबकळत नाही.

आणि एक जे कोणी सांगत नाही. बधिर बोट भाजतं आणि कळत नाही. गरम भांडं, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर. करंगळी कुठे टेकलीये हे त्यांना आता डोळ्यांनी बघायला लागणार. थंडीत तो हात जास्त दुखेल, त्यात नवल नाही, हातमोजा घाला. सिगरेट ओढत असतील तर आजच बंद, हाड जुळायला आणि जखमेला दोन्हीला ती मारक आहे. लाली, पू, ताप किंवा अचानक वाढलेली ठणक आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जा. गोळी गरम असते म्हणून जखमेत जंतू नसतात हा निव्वळ गैरसमज, ती जाताना कातडीवरची घाण आणि कपड्याचे धागे आत घेऊन जाते.

रेंजवरचा_काका:
मी बरीच वर्षं पिस्तूल शिकवतो. भावाला मी काका म्हणून दोन शब्द सुनावले असते पण ते राहू दे, आधी "आपोआप सुटलं" याचं बघू.

ताई, त्यांना भांडणाच्या सुरात नाही, शांतपणे एवढंच विचारा की आधी काय केलं, मॅगझिन काढलं का स्लाइड ओढली? कारण हे असं होतं. मॅगझिन आत असताना स्लाइड मागे ओढली की चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या घरात बसलेलं, काडतूस बाहेर उडून पडतं. माणूस ते बघतो, उचलतो, मनात नोंद होते की झालं, रिकामं. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेऊन बसवते, तिचं कामच ते आहे. मग तो मॅगझिन काढतो. आता हातात मॅगझिन आहे, टेबलावर एक काडतूस आहे, सगळे पुरावे "रिकामं" म्हणतायत आणि चेंबरमध्ये एक भरलेलं बसलंय. मॅगझिन काढलं होतं हे भाऊ खोटं बोलत नसतील. पण मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं होत नाही. काही थोड्या पिस्तुलांत मॅगझिन नसेल तर चाप चालत नाही अशी सोय असते, बहुतेकांत नसते.

क्रम एकच, आधी मॅगझिन काढून लांब ठेवायचं, मग स्लाइड ओढून मागे अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचं. चाचपायचं का, तर काडतूस ओढून काढणारा आकडा तुटलेला असला तर स्लाइड ओढूनही काडतूस आतच राहतं, आणि कमी उजेडात डोळा फसतो.

दुसरी गोम अशी की ग्लॉकसारखी काही पिस्तुलं उघडायच्या आधी चाप ओढावाच लागतो, त्याशिवाय स्लाइड उतरत नाही. म्हणजे साफसफाईच्या कामातच चाप ओढणं आलं. त्यात वरचा क्रम उलटा झाला आणि दुसरा हात नळीसमोर आला की झालंच. तुम्ही लिहिलंय "स्लाइड उतरवायला गेला", मला तिथेच शंका आली.

आता आपोआप सुटतच नाही का? सुटतं, पण फार क्वचित आणि बहुतेक वेळा पडल्यावर. जुन्या सिंगल अ‍ॅक्शन (दर वेळी घोडा हाताने मागे ओढायचा) रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे चाप नव्हे, मागची हातोडी, थेट काडतुसावर टेकलेला असायचा, घोड्यावर आपटलं की बार. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवून फिरायचे. रुगर कंपनीने १९७३ मध्ये मधे एक पट्टी घालून हे बंद केलं. तरी नवीन पिस्तुलातही निघतं, सिग सॉअरचं पी ३२० काही विशिष्ट कोनात पडलं तर उडू शकतं हे २०१७ मध्ये बाहेर आलं आणि कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागली. २०२४ मध्ये गोविंदाच्या पायाला त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ठेवताना हातातून पडलं असं तेव्हा सांगितलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. तर भावाचं पिस्तूल जाणकार दुरुस्तीवाल्याकडून एकदा तपासून घ्याच, त्यांना मानसिक समाधान म्हणून नाही, खरंच. पण तपासायला नेताना रिकामं करून न्या, हे सांगायला नको, पण सांगतो.

आणि पडणारं पिस्तूल पकडायचं नाही. पडू द्या. पकडायला गेलेला हात बरोबर चापावर जातो, आणि नळी कुठे असते ते देवाला माहीत.

जेफ कूपर म्हणून एक अमेरिकन प्रशिक्षक होता, त्याने चार नियम घालून दिले ते आज जगभर शिकवतात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरा, जे नष्ट झालेलं चालणार नाही त्याच्यावर नळी फिरवू नका, नजर निशाणावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि निशाण काय आहे नि त्याच्यामागे काय आहे ते माहीत असू द्या. लोक हे पाठ म्हणून दाखवतात आणि रेंजच्या बाहेर विसरतात. खरी गंमत ही की यातला एक नियम मोडला तरी बहुतेक वेळा माणूस वाचतो. चाप ओढला गेला पण नळी वाळूच्या पोत्याकडे होती, तर कान बधिर होतात आणि लाज वाटते, एवढंच. रक्त येतं ते दोन नियम एकदम मोडले की. तुमच्याकडे तर तीन मोडले, मागे काय आहे हा पण. आतल्या पातळ भिंती गोळी अडवतीलच असं धरून कधी चालू नये, तुमची अडली हे नशीब.

निशिगंधा:
काका, तुमचं उत्तर मी दादाला वाचून दाखवलं. आधी हसला, मग स्लाइडचं आलं तिथे गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एक गोळी टेबलावर होती." ती स्लाइड ओढल्यावरच पडली होती आणि मॅगझिन नंतर काढलं. चाप पण ओढावा लागतो त्याच्यात. त्यानंतर जेवलाच नाही नीट, मला वाटलं उगाच दाखवलं.

डॉक्टर, खूप आभार, सांध्याचं विचारते उद्याच. अजून एक राहिलं, त्याच्या उजव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, हाताच्या गडबडीत त्याकडे कोणी बघितलंच नाही.

आणि पिस्तूल अजून घरातच कपाटात आहे, कुलूप आहे, किल्ली दादाकडे.

उजवी_मांडी:
नावावरून समजलंच असेल. माझं पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, घालताना, शर्टाचं टोक चापाच्या कडीत अडकून, गोळी मांडीतून खाली. हाड वाचलं, नस नाही. तपशील सोडा, नंतरचं लिहितो, कारण नंतरचं कोणी सांगत नाही.

ताई, दाखवलंत ते बरं केलंत. आपोआप सुटलं असं मानलं की माणूस त्या वस्तूला कायम घाबरतो, कारण मग ती केव्हाही सुटू शकते. कसं सुटलं ते कळलं की पोटात गोळा येतो पण निदान त्याला टोक असतं. पण पुढचे काही दिवस जपा. जेवत नाही, बोलत नाही, एकटा बसतो, असं असताना किल्ली त्याच्याकडे नको आणि पिस्तूल घरातही नको. संशय म्हणून नाही. दवाखान्यात मला पण थेट विचारलं होतं की मुद्दाम तर केलं नाहीत ना, तेव्हा मी डॉक्टरवर भडकलो होतो, आता वाटतं बरोबर विचारलं, त्यांनी विचारायलाच पाहिजे. तुम्ही पण विचारू शकता, सरळ शब्दांत, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही घुसत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. नाही म्हणाला तरी पिस्तूल तुमच्या इथल्या नियमाप्रमाणे जिथे जमा करता येतं तिथे काही महिने ठेवा, वहिनींनाही झोप लागेल.

दचकण्याचं. पहिले काही आठवडे सगळ्यांनाच होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटून गेला आणि तरी तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतोय, झोप उडालीये, त्या खोलीत जायचं टाळतोय, तर ते नुसतं घाबरणं नाही, त्याला उपचार आहेत. सायकॉलॉजिस्टला सांगायचं की ट्रॉमावर काम करणारं काउन्सेलिंग पाहिजे, सीबीटी असते, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी, आणि ईएमडीआर म्हणून एक असते, त्यात प्रसंग आठवताना डोळे हलवायला लावतात. मला सीबीटीने फरक पडला. घरच्यांनी मुद्दाम फुगे फोडून सवय करणे वगैरे प्रकार करू नयेत, माझ्या मेहुण्याने केला होता, मेहुण्याशी अजून मी फारसा बोलत नाही.

लाज फार वाटते. चोराशी झटापट करताना लागली असती तर सांगायला बरं वाटलं असतं, ही तर स्वतःच स्वतःला. जो भेटतो तो विचारतो "अहो पण कसं काय लागली?" आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लागतं. तुम्ही घरच्यांनी एक वाक्य ठरवून टाका, "साफ करताना लागली, आता बरा आहे", आणि विषय तिथे तोडायचा. त्याच्यावर सोडू नका.

नसेच्या करंटला औषधासोबत फिजिओने मला स्पर्शाची सवय करायला लावली होती. आधी कापूस फिरवायचा, मग मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल, मग बारीक वाळू. सुरवातीला कापूस सुद्धा काचेसारखा टोचतो. रोज थोडं थोडं. कंटाळवाणं आहे पण यानेच मला परत पँट घालता यायला लागली, त्याआधी मांडीला कापड लागलेलं सहन व्हायचं नाही.

रोखठोक:
माझा मुद्दा राहिलाच. एवढे नियम पाळायचे, एवढं शिकायचं, तर मग सेफ्टी नावाचं बटण कशाला असतं? लावून ठेवायचं, प्रश्न मिटला.

रेंजवरचा_काका:
रोखठोकराव, सेफ्टी म्हणजे एक लोखंडी खटका. झिजतो, अर्धवट बसतो, लावलाय असं वाटतं आणि लावलेला नसतो. पुष्कळ पिस्तुलांना बाहेरून खटका नसतोच. आणि साफ करायला खोलताना बऱ्याच पिस्तुलांत तो काढावाच लागतो, मग त्या वेळी काय करणार? बटण असेल तर जरूर लावा, त्याच्या भरवशावर नळी पोराबाळांकडे करू नका. चापाला लावायचं जे कुलूप मिळतं ते पण भरलेल्या पिस्तुलाला लावायचं नाही, लावता लावताच चाप दाबला जातो. त्यापेक्षा केबलचं कुलूप चांगलं, तार चेंबरमधून ओवली जाते म्हणजे काडतूस बसूच शकत नाही. पिस्तूल तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. मुलांना सगळ्या जागा माहीत असतात हे धरून चला.

आणि "विका आणि संपवा" याला माझा विरोध नाही हं. वहिनी नको म्हणत असतील आणि भावाला खेळ म्हणून नेमबाजी करायची असेल तर पिस्तूल घरात असायची गरजच काय? क्लबमध्ये ठेवतात, क्लबमध्ये वापरतात, साफ पण तिथेच. दोन वेगळ्या गोष्टींची तुम्ही लोकांनी एक गाठ मारून ठेवलीये.

हाडांचा_डॉक्टर:
कानाचं अंगावर काढू नका, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, खरं तर पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. पिस्तुलाचा बार दीडशे डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो आणि १४० च्या वर एक आवाज सुद्धा कायमची इजा करू शकतो, त्यातून बंद खोली. शिट्टी काहींची कमी होते, काहींची राहते. आता उरलेलं ऐकू येणं जपायचं, पुढे रेंजवर गेलेच तर कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही.

शिशाचं मगाशी अर्धं राहिलं. ज्याच्या अंगात आधीच कण आहेत त्याने बंद रेंजमध्ये तासन्‌तास उभं राहणं म्हणजे शिशात शिसं. काडतूस फुटतं तेव्हा शिशाची बारीक धूळ हवेत आणि हातावर येते. हवा खेळती असलेली किंवा उघड्यावरची रेंज निवडा, आल्यावर साबणाने हात-तोंड धुवा, रेंजवर काही खाऊ नका, ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. आणि रक्ताची टेस्ट अधूनमधून.

रेंजवरचा_काका:
भाऊ परत येणार असतील तर थेट त्याच पिस्तुलावर येऊ नका. दहा मीटरची एअर पिस्तूल घ्या. त्यात काडतूस नाही, दारू नाही, आवाज नुसता फट्, दचकणाऱ्या माणसाला सुरवातीला तेवढाच पुरे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा असतो, डोळा मात्र फोडू शकतो, म्हणून नियम तेच सगळे. आणि हा प्रकार एकाच हाताने मारतात, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला. त्यांचा डावा हात अजून वर्षभर धड झाला नाही तरी अडत नाही.

स्पर्धेच्या रेंजवर पिस्तूल ठेवलेलं असताना चेंबरमधून नळीत एक भडक रंगाची दोरी घातलेली असावीच लागते, लांबून दिसतं की रिकामं आहे. कोणी पुढे टार्गेटपाशी गेलं की हत्यार खाली, त्याला हात लावायचा नाही, डोकं खाजवायला सुद्धा वाकून त्याच्या अंगावर जायचं नाही. पहिले काही दिवस मी छर्रा देतच नाही. उचल, दोरी काढ, बघ, निशाण धर, चाप, खाली ठेव, दोरी घाल. शंभर वेळा. हुशार माणसं वैतागतात, आणि गंमत म्हणजे अनुभवी माणसं जास्त वैतागतात. पण घरी साफ करताना डोकं दुसरीकडे असलं तरी हात जो क्रम आपोआप करतो तो इथेच बसतो. पुढे खऱ्या पिस्तुलावर गेले तरी आधी डमी काडतुसं, आणि डमी असताना खरी काडतुसं त्या खोलीत नकोत, शेजारच्या खोलीत पण कुलपात.

एक गोष्ट मात्र त्यांना वेगळी शिकावी लागेल, ती डॉक्टरांचं वाचताना लक्षात आली. उजव्या हाताचा माणूस चेंबर चाचपतो ते डाव्या करंगळीने, बारीक असते म्हणून. त्यांची तीच बधिर आहे. बधिर बोट आत घातलं तर भरलेलं पण रिकामंच लागणार. डाव्या हाताची तर्जनी बसत असेल तर ती, नाहीतर बारीक टॉर्च आणि एक लाकडी काडी. काही करून करंगळीवर विसंबायचं नाही, नस परत आली असं वाटलं तरी.

उजवी_मांडी:
हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

निशिगंधा:
मलाही नाही. वाचून दाखवलं तर दादा करंगळी डोळ्यांसमोर धरून बघत बसला. आज जेवला. मी विचारलं पण त्याला सरळ, उजवी_मांडी, तुम्ही म्हणालात तसं. नाही म्हणाला, मग म्हणाला किल्ली तूच ठेव. उद्या जमा करायला मी आणि वहिनी सोबत जातोय. रिकामं कोण करणार यावरून घरात गोंधळ आहे, मला येत नाही आणि त्याच्या एका हाताने मी करू देणार नाही.

काका, एक विचारायचं, एअर पिस्तूल एका हाताने मारतात पण भरायचं एका हाताने कसं? त्याच्या डाव्या हाताला अजून स्प्लिंट आहे.

रेंजवरचा_काका:
पिस्तुलाला भावाने किंवा तुमच्यापैकी कोणीच हात लावायचा नाही. जिथे जमा करायचं तिथे आधी फोन करा, काय झालंय ते सांगा आणि जाणकार माणूस घरी पाठवता येईल का विचारा. नाहीतर ओळखीतला प्रशिक्षक बोलवा. तोपर्यंत कपाटच बंद ठेवा.

भरायचं म्हणाल तर दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या एअर पिस्तुलात दर वेळी दांडा ओढून हवा दाबावी लागते, त्याला दोन्ही हातांचा जोर लागतो, ती घेऊ नका. नवीनमध्ये हवेची नळकांडी भरून येते आणि नुसता छोटा खटका उघडून छर्रा ठेवायचा, तो स्प्लिंटमधून बाहेर आलेल्या अंगठा आणि तर्जनीने होतो. तोही होत नसेल तर सुरवातीला कोच भरून देईल. पिस्तूल टेबलावर टेकवून, नळी टार्गेटकडे, आणि भरताना उजव्या हाताचं बोट चापाच्या कडीच्या बाहेर.

हाडांचा_डॉक्टर:
स्प्लिंट काढून भरायचं नाही. आणि फिजिओ झाल्यावर लगेच रेंजवर नको, हात सुजलेला असतो.